चौदा नंबरच्या चौकटीतली गाठ

"तुला ठाऊक आहे ती गाठ कुणाची आहे. आणि तू गप्प बसलीयस!"

"बटाटे गार होतायत, नोरीन."

"बटाटे गेले खड्ड्यात!"

"जाऊ देत. पण मग मंगळवारपर्यंत तेच परतून परतून मला एकटीला संपवावे लागतील. बस खाली. आणि ती टोपी काढ, हे काय चॅपल नाही."

नोरीननं टोपी काढली नाही. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून ती मावशीसमोर उभीच राहिली. बावीस वर्षांची पोरगी, पण रागावली की थेट तिच्या आईसारखी दिसायची, आणि आल्मा कर्शॉला आपल्या त्या बहिणीपुढं आयुष्यात कधी जिंकता आलं नव्हतं.

"मावशी, मला गाठ मारता येते का? सांग ना. मी गिरणीत सुताला कधी हात तरी लावलाय?"

"हे पिलिंगला सांग."

"सांगितलं की! गुरुवारीच सांगितलं. म्हटलं, साहेब, ही विणकरी गाठ आहे, ही गिरणीतल्या जुन्या बायकाच मारतात, आम्हा पोरींना येत नाही. तर म्हणतो कसा, 'मिस बटरवर्थ, गाठ ती गाठ. तुम्हाला बुटाची नाडी बांधता येते ना?'"

आल्माला हसू आलं. तिनं ते लाल कोबीच्या लोणच्याच्या बरणीआड लपवलं.

"हस, हस तू. उद्या दहा वाजता मला ऑफिसात बोलावलंय. ज्या तारेच्या चौकटीत ती गाठ सापडली, तिच्यावर नंबर चौदा. चौदा म्हणजे मी. झालं, संपलं. पुढच्या सोमवारी प्रोग्रॅमिंगच्या शाळेत जाणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव कटणार, आणि मी जन्मभर त्या खोलीत बसून गणकयंत्राच्या कड्या ओवत राहणार."

"कड्या ओवणं काही वाईट नाही."

"वाईट नाहीच. पण तू बघ ना स्वतःकडं! आधी ते काचेचे व्हॉल्व्ह शिकलीस. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, पुन्हा पहिलीत बसलीस. मग ह्या कड्या, पुन्हा पहिलीत. आता नवीन यंत्रं येतायत, त्यांचं पोट बदललं तरी प्रोग्रॅम तोच चालणार म्हणे. मला ते पाहिजे. जे दर सहा वर्षांनी फेकून द्यावं लागत नाही, ते." नोरीनचा आवाज खाली आला. "एथेलबाई माझ्या शेजारी बसतात. ज्या दिवशी मी मँचेस्टरला चाचणी द्यायला गेले, त्या दिवशी माझी जागा दुपारभर रिकामी होती. ती चौकट अर्धवट होती. त्यांनीच हात लावला असणार."

"एथेलचं नाव घेऊ नकोस."

"का? चाळीस वर्षांची मैत्रीण म्हणून? मी तुझी कोण मग?"

आल्मानं काटा खाली ठेवला. नोरीन शेवटी बसली, आणि तिनं रागारागानं सगळे बटाटे खाल्ले. जाताना दारात म्हणाली, "उद्या दहापर्यंत तू बोलली नाहीस, तर मी एथेलबाईंचं नाव सांगणार. मग मला दोष देऊ नकोस."

ती गेल्यावर आल्मानं ताटं धुतली, पुसली, जागेवर लावली. नंतर हात कोरडे करता करता ती त्या हातांकडं बघत उभी राहिली. गाठ तिचीच होती.

*

मँचेस्टरजवळच्या चॅडरटनमध्ये हातांवरून बाई ओळखतात. आल्मा चौदाव्या वर्षी लार्च मिल सूतगिरणीच्या वाइंडिंग खात्यात लागली, ते एकोणीसशे पंचवीस साल. तिचं काम एकच होतं. छोट्या बॉबिनींवरचं सूत मोठ्या कोनावर, म्हणजे शंकूसारख्या रिळावर, चढवायचं, आणि सूत तुटलं की, किंवा बॉबिन संपली की, दोन टोकं धरून गाठ मारायची. दिवसाला दोन-अडीच हजार गाठी. गाठ अशी पाहिजे की दोन बोटांतून सूत सरकवलं तर ती लागता कामा नये. पहिले तीन महिने एक म्हातारी बाई आल्माच्या मागं उभी राहून तिच्या कोनावरून बोट फिरवायची आणि गाठ लागली की तिच्या कानाची पाळी ओढायची. चौथ्या महिन्यापासून कान वाचला.

आल्मा डावरी होती. त्यामुळं तिच्या गाठीचं शेपूट डावीकडं पडायचं. एवढाच काय तो फरक.

गिरणीत आवाज इतका की ओरडूनही उपयोग नाही. म्हणून बायका ओठांनी बोलायच्या, तोंड मोठं करून, आवाज न काढता. खोलीच्या एका टोकाची बाई दुसऱ्या टोकाच्या बाईला नवऱ्याच्या सगळ्या कागाळ्या सांगू शकायची, आणि मधून चालणाऱ्या मुकादमाला वाटायचं, किती मन लावून काम करतायत. एथेल ड्रॅन्सफील्ड ही ह्या विद्येतली राणी. तिच्या ओठांवरची एखादी गोष्ट पाहून खात्यातल्या बारा बायका एकदम हसायच्या आणि बारा धागे एकदम तुटायचे.

एकोणीसशे एक्कावन्नमध्ये गिरणीचे दोन मजले बंद पडले. त्यांतल्या एकावर, तिसऱ्या मजल्यावर, एक कंपनी आली. ती गणकयंत्रं बनवते, एवढंच लोकांना कळलं. आल्मा चाळिशीची होती, नवरा लढाईत गेलेला, मूल नाही. ती वर चढून गेली. टेबलामागं एक गोरागोमटा पोरगा बसला होता.

"विजेचं काम केलंय का कधी?"

"घरात दिवा आहे."

"म्हणजे तुम्ही तो बसवलात?"

"नाही. बिल भरते."

पोरगा हसला आणि म्हणाला, हात दाखवा. तिनं दाखवले. त्यानं ते उलटसुलट करून पाहिले आणि सोमवारी यायला सांगितलं. तोच डेस्मंड पिलिंग. दक्षिणेकडून आलेला, बोलताना एकेक अक्षर इस्त्री केल्यासारखं.

ती पहिली यंत्रं आल्माला आवडायची. एकेक यंत्र म्हणजे एक दालन होतं. भिंतीभर लोखंडी कपाटं, आणि त्यांत तीन-चार हजार व्हॉल्व्ह, काचेच्या छोट्या बाटल्यांसारखे, आत लालसर उजेड. खोली इतकी तापायची की इंजिनियर कोट काढून बसायचे, आणि बायका दुपारच्या जेवणाच्या पाई कपाटांच्या माथ्यावर ठेवून गरम करायच्या. रोज दोन-तीन व्हॉल्व्ह मरायचे. ते बहुतेक वेळा दिसायचंच, उजळलेल्या रांगेत एक डोळा मिटलेला. काढायचा, नवा लावायचा. तार सुटली की कथलाचा डाग द्यायचा. यंत्र बिघडायचंच. ते दिवसातून तीनदा बंद पडलं तरी कुणी कुणाला बोल लावत नसे. जोडणारा माणूस तिथं मोलाचा होता, आणि आल्मा पंचवीस वर्षं तेच करत आली होती. तिला त्या खोलीत परकं वाटलं नाही.

मग सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमारास ट्रान्झिस्टर आले. वाटाण्याएवढे, थंडगार. दालनभर यंत्र आता चार कपाटांत बसू लागलं. एथेलनं पहिल्याच दिवशी कपाटाच्या माथ्यावर पाई ठेवली आणि दुपारी हात लावून पाहिला.

"गार," ती म्हणाली. "ह्यालाच प्रगती म्हणत असतील."

आणि त्या यंत्राची आठवण ठेवणारा भाग म्हणजे ह्या कड्या. मोहरीहून लहान काळ्या कड्या, एका चौकटीत चार हजार शहाण्णव. प्रत्येक कडी 'हो' किंवा 'नाही' यांतलं एक लक्षात ठेवणार, आणि प्रत्येकीतून केसासारख्या चार तारा जाणार. हे ओवायला कंपनीनं आधी एक यंत्र करून पाहिलं, ते कड्या फोडायचं. मग पिलिंगला आल्माचे हात आठवले. वाइंडिंग खात्यातल्या सहा जणी एका पांढऱ्या खोलीत बसवल्या, भिंगाखाली, चिमटे देऊन. पाहता पाहता तिथं तीस पोरी झाल्या. आल्मा त्यांची प्रमुख. प्रत्येक चौकट तिच्या हाताखालून जायची, ती तपासून कोपऱ्यात आपला शिक्का मारायची, ए. के., आणि त्या शिक्क्यापुढं इंजिनियर पुन्हा भिंग लावत नसत.

खोलीत शांतता हवी, असा पिलिंगचा हुकूम होता. तो वरिष्ठांना घेऊन यायचा आणि हळूच म्हणायचा, "वाचनालयातही अशी शांतता मिळणार नाही." त्याच वेळी एथेल ओठांनी त्याच्या पँटच्या लांबीबद्दल सांगत असायची.

भिंतीवर दुसरा हुकूम टांगलेला होता: तार तुटली तर सांधू नये. पूर्ण ओढून काढावी आणि पहिल्या कडीपासून नव्यानं ओवावी. आल्मा प्रत्येक नव्या पोरीला तो मोठ्यानं वाचायला लावायची. ह्या तारांना सांधा चालत नाही, ती सांगायची. ट्रान्झिस्टरच्या यंत्राला सुताएवढीही दया नाही.

*

तो मार्चमधला बुधवार होता. बारा आठवडे ज्यांची एकही चौकट नापास झाली नाही आणि ज्यांचा ठरलेल्या चौकटींचा आकडा भरला, त्यांच्यातून शाळेसाठी नावं जाणार होती. नोरीनचे अकरा आठवडे झाले होते. बाराव्यात शुक्रवारपर्यंत एक चौकट पुरी व्हायची होती, आणि बुधवारी कंपनीनंच तिला चाचणीसाठी मँचेस्टरला पाठवलं. दुपारी, नोरीनला न सांगताच, आल्मा तिच्या जागेवर बसली. खोलीतल्या एका बाईनं दुसरीची चौकट थोडी पुढं नेणं हे नेहमीचंच होतं.

शेवटची तार होती. ती एकटीच सगळ्या चार हजार शहाण्णव कड्यांतून जाते, तिरकी, वळणं घेत. तीन हजार नऊशेच्या पुढं आल्मा पोचली होती. तार तुटली.

डोकं अजून 'तुटली' म्हणतंय तोवर हातांनी गाठ मारलीसुद्धा.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती स्वतःला माफ करू शकली असती. चाळीस वर्षांची सवय आहे, हात चुकले, म्हणून तार ओढून काढली असती. पण ओढायची म्हणजे तीन दिवस गेले. शुक्रवार हुकला. नोरीनचं नाव गेलं. आल्मा त्या गाठीकडं भिंगातून बराच वेळ बघत राहिली. मग तिनं ती गाठ सोडवली, कारण तारेवर लाखेसारखा थर असतो आणि तो खरवडल्याशिवाय वीज पलीकडं जात नाही. पात्याच्या टोकानं दोन्ही टोकं खरवडली. पुन्हा गाठ मारली. सुईच्या अग्राएवढा डाग दिला. गाठ तिच्या आयुष्यातली सगळ्यांत बारीक होती. आणि तिला, खरं सांगायचं तर, त्या क्षणी अभिमानच वाटला.

उरलेल्या कड्या ओवल्या. चौकट चाचणीत पास झाली. आल्मानं कोपऱ्यात शिक्का मारला.

ती चौकट यॉर्कशरमधल्या एका बिस्किटांच्या कारखान्यातल्या यंत्रात गेली. सकाळी सगळं ठीक असायचं. अकराच्या सुमारास खोली तापली की यंत्र एक गोष्ट विसरायचं. रोज तीच एक. पिलिंगनं तेवीस दिवस तिथं मुक्काम ठोकला, कपाटामागून कपाट रिकामं केलं, आणि शेवटी त्याला ती सापडली. गुरुवारी तो पत्र्याच्या डब्यात चौकट घेऊन आला आणि एकेकीला भिंगाशी बोलावून दाखवली. आल्मानंही वाकून पाहिलं. शेपूट डावीकडं. ती सरळ झाली आणि म्हणाली, "गाठ आहे."

"ते मला दिसतंय, कर्शॉबाई," पिलिंग म्हणाला.

त्याच क्षणी बोलायचं होतं. ती बोलली नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवार गेला.

*

रविवारी दुपारी चारला आल्मा एथेलकडं गेली. एथेल पायरी घासून नुकतीच आत आली होती, गुडघे ओले.

"ये. चहा टाकते. तुझ्या पोरीनं आज चॅपलमध्ये माझ्याकडं पाठ फिरवली."

"लहान आहे गं."

"लहान? तिच्या वयात तुझं लग्न झालं होतं." एथेलनं किटली ठेवली. "तिला वाटतंय मी केलं."

आल्मा खुर्चीवर टेकली. ओव्हरकोट तसाच अंगात. "एथेल, तुला काहीतरी सांगायचंय."

"नको सांगूस. चाळीस वर्षं तुझ्या शेजारी बसतेय मी. गुरुवारी भिंगात डोळा घातला आणि म्हटलं, अरे देवा, ही तर आल्मा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून." एथेलनं साखर घातली, आल्माला लागते त्याहून एक चमचा जास्त. "हे बघ. मी जूनमध्ये घरी बसणार. गुडघ्यांनी राजीनामा कधीच दिलाय. उद्या मीच सांगते पिलिंगला, माझा हात होता म्हणून. तो दोन महिने आधी काढेल. काढू दे. पोरीचं काम होईल, तुझा शिक्का राहील, आणि मला सकाळचा तो जिना चढायला नको."

आल्मानं लगेच 'नाही' म्हटलं नाही. ती चहा पीत राहिली. खिडकीबाहेर शेजारची बाई वाळत घातलेल्या चादरी काढत होती, एकेक घडी करून टोपलीत टाकत होती. आल्मानं सगळ्या चादरी काढून होईपर्यंत बघितलं. सहा चादरी. एवढा वेळ ती विचार करत होती की हे किती सोपं आहे.

"बोल ना," एथेल म्हणाली.

"तुझी गाठ उजवीकडं पडते."

"पिलिंगला काय कळतंय डावं-उजवं?"

"मला कळतं."

एथेलनं तिच्याकडं पाहिलं. "सहा चादरी लागल्या तुला एवढं म्हणायला," ती म्हणाली. तिनंही मोजल्या होत्या. त्यात राग नव्हता, पण आल्माला ते एखाद्या चापटीसारखं लागलं.

*

सोमवारी दहाला पिलिंगच्या ऑफिसात तिघं होती. टेबलावर पत्र्याचा डबा, त्याशेजारी भिंग, आणि एक तपकिरी पाकीट, त्यावर नोरीनचं नाव. शाळेचं पत्र. पिलिंगनं ते फाडलं नव्हतं, दिलंही नव्हतं.

"मिस बटरवर्थ, मी तुम्हाला पुन्हा एकदा विचारतो."

"मी नाही मारली, साहेब. आणि कुणी मारली ते मला माहीत आहे." नोरीननं मावशीकडं पाहिलं. मावशी बोलणार नाही, असं तिला वाटलं, आणि तिनं श्वास घेतला. "एथे..."

"माझी आहे," आल्मा म्हणाली.

पिलिंगनं चष्मा काढला आणि थकलेल्या आवाजात म्हणाला, "कर्शॉबाई. भाची आहे, मी समजू शकतो. पण असं करू नका."

"काय करू नको?"

"तिच्यासाठी अंगावर घेऊ नका. तुम्ही ह्या खोलीच्या प्रमुख आहात. तुम्ही तार सांधणार? भिंतीवरचा तो नियम तुम्ही पोरींना पाठ करायला लावता."

"तार आहे का तुमच्याकडं?"

"काय?"

"तार, साहेब. द्या थोडी."

पिलिंगनं कपाटातून रीळ काढून दिलं. आल्मानं हातभर तार तोडली, तिचे लहान लहान तुकडे केले, दोन्ही हात टेबलाखाली नेले आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. एक श्वास. हात वर. गाठ. पुन्हा खाली. दुसरी. तिसरी. दहा गाठी होईपर्यंत तिनं एकदाही हातांकडं पाहिलं नाही.

"आता डब्यातली काढा आणि शेजारी ठेवा. शेपटं कुठल्या बाजूला पडतात बघा. आणि नोरीनला एक मारायला सांगा."

नोरीननं मारली. तिला दोन मिनिटं लागली. चण्याएवढं गाठोडं झालं. पिलिंगनं भिंग आधी त्याच्यावर धरलं, मग आल्माच्या दहा गाठींवर, मग डब्यातल्यावर. बराच वेळ तो वाकून होता.

"का?" तो सरळ न होता, वाकूनच म्हणाला.

"तार तुटली."

"ओढून काढायची होती!"

"शुक्रवार हुकला असता. बारावा आठवडा."

"तेवीस दिवस, कर्शॉबाई. तेवीस दिवस मी त्या कारखान्यात होतो. मी लोकांना सांगत होतो की दोष कड्यांत असूच शकत नाही, कारण त्यावर ए. के. आहे." तो खुर्चीत बसला. "आणखी किती?"

"एकही नाही."

"मी कसं मानू?"

"मानू नका. उघडून बघा."

"ते तर करावंच लागेल. तुमचा शिक्का असलेली प्रत्येक चौकट. देशभर. भिंग घेऊन."

हे ऐकताना आल्माचा चेहरा पहिल्यांदा बदलला. कामावरून काढणार, हे तिनं धरलंच होतं. रात्रीच तिनं आपला चिमटा घरी नेण्यासाठी रुमालात गुंडाळायचं ठरवलं होतं. पण हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. सात वर्षांच्या चौकटी, कितीतरी शहरांत, आणि प्रत्येकीवर कुणीतरी अनोळखी माणूस संशयानं वाकलेला.

पिलिंगनं खणातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. एक काळा चपटा तुकडा, दोन्ही बाजूंना बारीक पाय. किड्यासारखा.

"हे पाहिलंत? पुढच्या यंत्रात हे येणार. ह्याच्या आत वीस ट्रान्झिस्टर आहेत. तार नाही, डाग नाही, कुणाचा हात नाही. बिघडलं की फेकून द्यायचं. उघडताच येत नाही."

आल्मानं तो तुकडा उचलून बोटांत फिरवला. कुठं लागतंय का ते पाहत. काहीच लागलं नाही. तिनं तो परत ठेवला.

"म्हणजे ह्याच्यात चूक कुणाची ते कधी कळणार नाही," ती म्हणाली.

"चूक होणारच नाही, असं म्हणतायत."

"म्हणू देत."

पिलिंगनं एक कागद पुढं ओढला, त्यावर दोन ओळी लिहिल्या, तिच्याकडं सरकवला. काम फक्त शुक्रवारपर्यंत. आल्मानं डाव्या हातानं सही केली.

"आणि मी?" नोरीन म्हणाली. आवाज फाटलेला.

पिलिंगनं पाकिटावर हात ठेवला. "हिशेबानं तुमचे अकराच आठवडे होतात, मिस बटरवर्थ. बारावी चौकट नापास आहे. पण चाचणीत तुम्ही पहिल्या आलात. यादी गेलेली आहे, मी ती परत मागवणार नाही." त्यानं पाकीट टेबलाच्या काठापर्यंत सरकवलं. "सोमवारी नऊ वाजता."

नोरीननं ते उचललं नाही. ती मावशीकडं वळली.

"चार दिवस. चार दिवस तू मला एथेलबाईंच्या नावानं बोंबलू दिलंस. काल चॅपलमध्ये मी त्यांच्याशी कशी वागले, तुला माहीत आहे?"

"माहीत आहे."

"जेवताना माझ्यासमोर बसून बटाटे गार होतायत म्हणत होतीस!"

"होते म्हणत."

"का पण?"

"भीती वाटली, बाई." आल्मानं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की पिलिंग खिडकीकडं बघू लागला. "आधी तुझ्यासाठी वाटली. मग माझ्यासाठी. नंतर नंतर कुणासाठी ते कळेना."

"मी तुला म्हटलं होतं का माझ्यासाठी खोटं कर म्हणून?"

"नव्हतं म्हटलंस. म्हणूनच आज विचारते." आल्मा उठली. दोघींच्या मध्ये टेबलाचा कोपरा होता. "मला नंतर कुणी विचारणार नाही, म्हणून तूच सांग. तार ओढून काढली असती तर तीन दिवस गेले असते, तुझा आकडा भरला नसता, आणि हे पाकीट इथं नसतं. ज्या मुलीनं दोन वर्षं बसमध्ये डोळे फुटेस्तोवर पुस्तकं वाचली, ती पुढची दहा वर्षं त्या खोलीत कड्या ओवत बसली असती. आता तुला सगळं ठाऊक आहे. आता सांग. ओढायला हवी होती का मी ती तार?"

नोरीनचे ओठ हलले. पिलिंगला वाटलं ती काहीतरी म्हणाली, पण आल्माला दिसलं की ती काहीच म्हणाली नव्हती.

नोरीननं टेबलाच्या काठावरचं पाकीट घेतलं, कोटाच्या आतल्या खिशात घातलं, वरचं बटण लावलं, आणि ती दाराबाहेर निघून गेली.